आपसूक फिरणारं चाक

माझ्या थोरल्या भावानं विहिरीचं पाणी आपसूक वर आणणारं चाक करायला घेतलं तेव्हा मी जालन्याला शिकत होतो. ते चाक कधीच चालणार नाही, हे पुढं त्याला मलाच सांगावं लागलं. त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. दादा गेला, आई गेली, निजामाचं ते राज्यही गेलं. तरी त्या दोन-तीन वर्षांतलं एकेक बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

आमचं गाव जाफराबादकडच्या टेंभुर्णीच्या बाजूला. आमचे पणजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे. आजोबांनी थोडी जमीन केली, विहीर खोदली आणि घर एका जागी बसलं. मामाकडं मात्र अजून मेंढरं होती. पाऊसकाळ सरला की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह सगळा तळ, आमच्या शिवारात उतरायचा. वडील मी लहान असतानाच गेले. घर दादानं सांभाळलं. मला शाळेत घालायचं हेही त्यानंच ठरवलं. तो स्वतः अंगठा उठवायचा, पण माझी पुस्तकं हातात घेऊन उलटीपालटी करून बघायचा. निजामाचं राज्य असल्यामुळं जालन्याच्या शाळेत सगळं उर्दूतून होतं. "हे उजवीकडून वाचायचं व्हय?" असं त्यानं पहिल्यांदा विचारलं तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून हसली होती.

वहिनी आमच्या घरात आली ती पंधरा-सोळाची असेल. अंगानं बारीक, कामाला चपळ. विहिरीवर मोट चालू असली की ती खाली मिरचीच्या वाफ्यांत दारं धरायची, म्हणजे फावड्यानं माती ओढून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायची. वर दादा बैल हाकायचा. मोट आता कुठं दिसत नाही, म्हणून सांगतो. विहिरीच्या काठापासून एक उतार असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालत गेले की त्यांच्या मागं बांधलेल्या दोरानं चामड्याची मोट पाण्यानं भरून वर येते आणि काठावरच्या टाक्यात रिकामी होते. मग बैलांनी पाठीमागं पावलं टाकत चढ चढायचा, मोट परत खाली. बैल उतरताना दादा त्या ताणलेल्या दोरावर बसायचा. त्याच्या वजनानं बैलांना तेवढीच मदत व्हायची. ते बैल त्यानं वासरं असल्यापासून वाढवलेले. त्यांच्यासाठी तो स्वतःचं अंग दोराला द्यायचा.

त्या साली गुरांवर बुळकांडीची साथ आली. आमच्या भागात बुळकांडी आली म्हणजे गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. आमचे दोन्ही बैल एकामागून एक गेले. शेजाऱ्यांचेही गेले, त्यामुळं मागायला कुठं जायची सोय नव्हती. शेतात मिरची फुलावर होती, गहू पोटरीत होता. पाणी तर विहिरीत भरलेलं.

दादानं चांभाराकडून एक लहान मोट शिवून घेतली. ती तो आणि वहिनी ओढायला लागले.

संक्रांतीला मी घरी गेलो तेव्हा पहिल्यांदा ते बघितलं. दोघांनी खांद्याला जुनी गोणपाटं बांधली होती आणि त्यांच्यावरून दोर घेतला होता. दोघं धावेवरून वाकून उतरायची, वर पाणी पडल्याचा आवाज आला की उलटी चढायची. मला बघून वहिनी थांबली. तिचा चेहरा घामानं भरला होता, पण ती हसत होती.

"बघा भावजी, बैल कसे झालो आमी."

मी दप्तर टाकलं आणि दोराला हात घातला. दोन दिवस मीही ओढलं. माझे खांदे सुजले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासाठी भाकरी बांधून तयार होती.

"जा आता शाळंत," ती म्हणाली. "तुमी पुस्तक वढा. हे आमी वढून राह्यलो."

दादा धावेवर उभा होता. त्यानंही हातानंच जा म्हणून खूण केली. तिच्या पोटात पाच महिन्यांचं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं, दादालाही माहीत होतं. आईनं तिला पुन्हापुन्हा नको म्हटलं. ती ऐकायची नाही. एवढी मिरची निघू दे, मग बसते, म्हणायची.

मी जालन्याला पोचलो त्याच आठवड्यात गावचा एक माणूस बाजाराला आला आणि त्यानं मला शाळेतून बोलावून घेतलं. वहिनी धावेवरच खाली बसली होती. मग रक्त थांबेना. घरात गाडी होती, पण जुंपायला बैल नव्हते. गावातल्या चौघांनी तिला बाजेवर घातलं आणि खांद्यावर घेऊन जाफराबादच्या दवाखान्याकडं पळत निघाले. नदी यायच्या आतच ती गेली. चौघांनी बाज रस्त्यावर ठेवली, दादा जवळ बसला, आणि बराच वेळ कोणाला काय करावं ते कळलं नाही. मग तशीच बाज उचलून ते परत फिरले.

मी गेलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दादा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "जेवला का?"

त्यानंतर मोट विहिरीत उतरली नाही. मिरची उभी वाळली. गहू पिवळा पडला, आमच्या डोळ्यांसमोर माना टाकत गेला. गावातल्या एकानं दुसऱ्या गावाहून बैलजोडी आणून देऊ केली. दादा नको म्हणाला. आई रडायची, बोलायची, शिव्याही द्यायची. तो ऐकून घ्यायचा. समोर ठेवलेली भाकरी अर्धी खाऊन उठायचा.

उन्हाळ्यात तो मला ज्वारी पोचवायला जालन्याला आला. मी नव्या जालन्यात, स्टेशनाजवळ, एका नात्यातल्या माणसाच्या खोलीत राहायचो. मागं कापसाची जिनिंग होती. आमचा एक गाववाला तिथं कामाला होता, म्हणून मी दादाला इंजिन दाखवायला नेलं. त्याचं मन कशात तरी रमावं एवढाच माझा हेतू. इंजिनाला एक प्रचंड लोखंडी चाक होतं, माणसाच्या दीडपट उंच. दुपारची सुट्टी झाली तशी कामगारांनी वाफ बंद केली. पट्टे उतरवले. सगळा धडधडाट थांबला, पण ते चाक फिरतच होतं. शांतपणे, कशाचाही आवाज न करता, किती तरी वेळ.

दादा त्याच्यासमोर उभा राहिला.

"आता याला कोण फिरवून राह्यलं?"

"कोणी न्हाई," मी म्हणालो. "आधीचा जोर हाय त्याच्यात."

"कोणीच न्हाई?"

"न्हाई."

चाक थांबेपर्यंत तो तिथून हलला नाही.

पावसाळ्याच्या आधी त्यानं बांधावरची बाभूळ तोडली. आमच्या गावचा सुतार त्याच्या बरोबरीचा, लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांनी मिळून विहिरीजवळ दोन खांब रोवले आणि त्यांच्यावर चाक बसवायला घेतलं. मी दिवाळीला गेलो तेव्हा ते उभं होतं. साधं चाक नव्हतं ते. त्याच्या कडेला चहूबाजूंनी लाकडी हात लावले होते, प्रत्येक हात बिजागरीवर हलणारा, प्रत्येकाच्या टोकाला गोल दगड बांधलेला. चाक फिरलं की उतरत्या बाजूचे हात बाहेर पसरायचे आणि चढत्या बाजूचे हात आत मिटायचे. दादाचं म्हणणं असं की पसरलेला दगड लांबून दाबतो म्हणून जास्त जोर लावतो, मिटलेला कमी लावतो. म्हणजे एक बाजू सदा जड राहणार आणि चाक सदा फिरत राहणार. एकदा फिरलं की त्याच्या कण्याला, म्हणजे मधल्या आसाला, दोर लावायचा आणि मोट वर घ्यायची. बैल नको, माणूस नको.

त्यानं माझ्यासमोर चाकाला हात दिला. दगड खडखडत पसरले, मिटले. चाक मोठ्या ऐटीत फिरलं. मग हळू झालं, डुललं आणि थांबलं.

"कणा अडून राह्यलाय," दादा म्हणाला. "एरंडेल लावलं, तरी अडतंय. जालन्याहून येताना इंजिनाचं वंगण आण. मंग बघ."

कितीतरी महिन्यांनी मी त्याचे डोळे जिवंत बघत होतो. गावातली माणसं येऊन बसायची, सल्ले द्यायची, कोणी दगड लहान कर म्हणे, कोणी हात वाढव. सुतार तर पेटलेला होता. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "फिरंल का रे ते?" मी म्हणालो, माहीत नाही. तेव्हा खरंच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "न फिरू दे. जेवून राह्यलाय तर खरं."

मी वंगण नेलं. नंतर जिनिंगच्या भंगारातून छर्‍यांचं एक जुनं बेअरिंगही मिळवून दिलं. त्यानं चाक आधीपेक्षा पुष्कळ जास्त फिरलं. सुतारानं गूळ वाटला. पण शेवटी ते थांबलंच.

त्याच हिवाळ्यात शाळेत आम्हाला गतीचा धडा आला. विज्ञान शिकवायला हैदराबादकडचे एक उमदे मास्तर होते. स्वच्छ शेरवानी, हळू बोलणं, आणि मुलांना ते 'मियाँ' म्हणून बोलवायचे. त्या दिवशी त्यांनी वर्गाच्या छताच्या कडीला दोरीनं एक लोखंडी गोळा टांगला. गोळा ओढून स्वतःच्या हनुवटीला टेकवला आणि सोडून दिला. गोळा लांब गेला आणि वेगानं परत त्यांच्या तोंडावर आला. पुढच्या बाकावरची मुलं ओरडली. मास्तर हलले नाहीत. गोळा त्यांच्या हनुवटीच्या बोटभर अलीकडं थांबून मागं फिरला.

मग त्यांनी समजावलं. उंचीवर असलेल्या वस्तूत एक तवानाई साठलेली असते, म्हणजे काम करायची ताकद. वस्तू खाली येते तशी ती ताकद गतीत उतरते. सगळ्यात खाली गती सगळ्यात जास्त. परत वर चढताना गती कमी होत जाते आणि उंची परत मिळते. दोन्हींची बेरीज वाढत नाही. वारा आणि घर्षण नसतं तर ती कमीही झाली नसती. ते असतात, म्हणून थोडी ताकद उष्णता होऊन निसटते आणि गोळा दर खेपेला जरासा अलीकडं थांबतो. पण जिथून सोडला त्याच्या वर तो आपण होऊन कधीही जाणार नाही. "क़ुदरत उधार नहीं देती, मियाँ," ते म्हणाले.

हे सगळं मला आवडत होतं. मी भराभर समजून घेत होतो. मग ते फळ्याकडं वळले आणि म्हणाले की हा कायदा ठाऊक नसल्यामुळं विलायतेत कितीतरी माणसांनी आपली उमर बरबाद केली. त्यांनी खडूनं एक चाक काढलं. चाकाला हात काढले. हातांच्या टोकांना गोळे काढले. एका बाजूचे हात पसरलेले, दुसऱ्या बाजूचे मिटलेले.

"ऐसा पहिया न कभी चला है, न चलेगा," मास्तर म्हणाले. वर्ग हसला.

फळ्यावर आमच्या विहिरीवरचं चाक होतं. मी खाली बघत बसलो.

वर्ग सुटल्यावर मी मागं थांबलो. माझं उर्दू वाचायला बरं होतं, बोलायला लागलो की अडखळायचं. मी विचारलं, साहेब, कण्याला चांगलं वंगण घातलं तर? छर्‍यांचं बेअरिंग बसवलं तर?

मास्तरांनी डस्टर खाली ठेवलं. "किसने बनाया है?"

"मेरे बड़े भाई ने."

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि सगळं विचारून घेतलं. मी बैलांचं सांगितलं, वहिनीचं सांगितलं. मग त्यांनी माझ्यासाठी पुन्हा चित्र काढलं, या वेळी कागदावर. पसरलेले दगड लांबून दाबतात हे खरं, पण कोणत्याही क्षणी मोजले तर पसरलेल्या बाजूला दगड कमी असतात आणि मिटलेल्या बाजूला जास्त. हिशेब बरोबर होतो. शिवाय दगड कसाही फिरून येवो, जेवढा उतरला तेवढाच त्याला परत चढवावा लागतो. "तेल से देर में रुकेगा," ते म्हणाले. "रुकेगा ज़रूर."

मी उठलो तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "समझाना, मगर आहिस्ता. कोई हँसे नहीं उन पर."

सुट्टीत गावी जाताना वाटभर मी शब्द जुळवत होतो. तवानाईला आमच्या बोलीत काय म्हणायचं हेच मला सुचत नव्हतं. ताकद म्हणावं, तर ती बैलात असते, दगडात कशी असेल? जोर म्हणावं, तर जोर वेगळा. शेवटी दादानंच शब्द दिला. मी सांगायला लागल्यावर तो म्हणाला, "दम म्हण की. दगड वर न्यायला दम लागतो, तो दम दगडात बसतो." त्याहून चांगला शब्द मला पुढंही सापडला नाही.

सकाळची वेळ होती. विहिरीजवळच्या कडुलिंबाच्या फांदीला मी दोरीनं एक दगड टांगला आणि मास्तरांनी केलं तसं करून दाखवलं. मग दादा उभा राहिला. त्यानं दगड कपाळाला लावून सोडला. दगड सणसणत परत आला, पण त्यानं पापणीही हलवली नाही. वहिनी गेल्यापासून तो कशालाच भीत नव्हता. त्यानं तो दगड पुन्हापुन्हा सोडला.

"दर बारीला जरा मागंच राह्यतंय," तो म्हणाला.

"थोडा दम वाऱ्यात जातो, थोडा दोरी घासून ऊब होऊन जातो."

"आन् जास्ती कधीच येत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

मग आम्ही चाकाजवळ गेलो. मी त्याला पसरलेले दगड आणि मिटलेले दगड दाखवले. त्यानं चाक हातानं जरासं फिरवून थांबवलं, परत फिरवून थांबवलं. पसरलेल्या बाजूचे दगड बोटानं मोजले, मिटलेल्या बाजूचे मोजले. सुतार तिथंच उभा होता. तो रागानं म्हणाला, "पुस्तकातलं नको सांगू. बेअरिंग नवं आणू, मंग बघू." दादानं त्याला हातानं गप्प केलं.

तो धावेच्या तोंडाशी जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.

"म्हंजी पाणी वर यायचं तर कोणीतरी तेवढा दम लावायलाच पायजे."

"हो दादा."

"बैल न्हाई तर माणूस."

"न्हाई तर वारा, न्हाई तर इंजिन. पण लावायलाच पायजे."

"माणूस लावतं तव्हा त्याच्या आंगातून जातो तो?"

"हो. खाल्लेल्या भाकरीतून येतो, आंगातून जातो."

तो उताराकडं बघत होता. धावेवर गवत उगवलं होतं.

"तिच्या आंगातून गेला," तो म्हणाला. "पाण्यात गेला. पाणी मिरचीला गेलं. मिरची तर वाळली. मंग तिचा दम कुठं गेला?"

मला उत्तर येत होतं. पाणी वाफ होऊन उडालं, ताकद उष्णता होऊन पसरली. परीक्षेत असं लिहिलं असतं तर मास्तरांनी बरोबरची खूण केली असती. मी त्याचा हात धरला. त्यानं धरू दिला. वहिनी गेल्यापासून तो रडला नव्हता. त्या सकाळी रडला, लहान पोरासारखा, हुंदके देऊन. सुतार मान वळवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दादानं स्वतःच चाक उतरवलं. दगड बांधावर रचले, लाकूड सुताराला देऊन टाकलं. सुतारानं माझ्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. गावात म्हणायचे, शिकून आला आणि भावाचं चाक बंद पाडलं. एकदा आई चुलीपुढं बसली असताना म्हणाली, "तू सांगितलं ते खरंच आसंल. पन आता सकाळी उठून त्यानं करावं काय?"

दादा परत अर्धी भाकरी खायला लागला. दिवस दिवस लिंबाखाली बसायचा. पुढच्या पावसाळ्यानंतर मामाचा मेंढरांचा वाडा आमच्या शिवारात उतरला, आणि वाडा पुढं निघाला तेव्हा दादा त्यांच्याबरोबर गेला. जाताना त्यानं मला सांगितलं, "जमीन तू बघ. विहीर कोणाला बी दे, पन मला सांगू नको." आईच्या पाया पडला. आई दारात उभी राहून बघत होती. ज्या भटकंतीतून आजोबांनी घर बाहेर काढलं होतं, तिच्यात तिचा थोरला मुलगा परत चालला होता.

मी परीक्षा पास झालो आणि भोकरदनला मास्तर म्हणून लागलो, आईलाही तिथं नेलं. जमीन बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, लावली. बटाईदारानं बैल आणले, विहिरीवर मोट पुन्हा सुरू झाली. दादा वर्षातून एकदा यायचा, तोही गावी न जाता भोकरदनला माझ्याकडं. अंगावर घोंगडी, हातात काठी, दाढी वाढलेली. पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली; त्या मुलांना तो आवडायचा. त्यांना पाठीवर घेऊन अंगणात फिरायचा. आईनं दुसऱ्या लग्नाचा विषय काढला की उठून बाहेर जायचा. एकदा आम्ही दोघं जालन्याला चाललो होतो, तेव्हा वाटेत एका मळ्यात तेलाचं इंजिन विहिरीतून पाणी उपसत होतं. दादा थांबला. पाण्याची धार मनगटापेक्षा जाड होती.

"हे कशावर चालून राह्यलं?"

"घासलेटावर."

त्यानं मान हलवली. "थोडं आधी आलं असतं," एवढंच म्हणाला आणि चालायला लागला.

आई गेली तेव्हा तो अजिंठ्याच्या डोंगराकडं होता. निरोप पोचून तो आला तोवर दहावं होऊन गेलं होतं.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. राज्यात मारामाऱ्या, लुटालूट सुरू झाली. सरहद्दीवरची गावं रिकामी होत होती, माणसं रातोरात हद्दीपलीकडं वऱ्हाडात जात होती. नाके बंद झाले. मेंढरांना नेहमीच्या वाटा उरल्या नाहीत. मामाचा वाडा डोंगराच्या अंगाला अडकून पडला. शाळा बंद होती; मी बायकोमुलांना घेऊन घरातच बसलेलो. दादाची खबर महिनोन्महिने नव्हती. मी येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचो. मग एके दिवशी राज्य बदललं, काही लोक हसत रस्त्यावर आले, काही दारं लावून बसले. जालन्याहून आलेल्या एकाकडून कळलं की आमचे विज्ञानाचे मास्तरही कुटुंबाला घेऊन हैदराबादला निघून गेले. मला त्यांना एकदा भेटायचं होतं.

वाटा मोकळ्या झाल्या तसा मामाचा मुलगा भोकरदनला आला. एकटाच आला होता. तो दारात उभा राहिला तेव्हाच मला कळलं. दादाला पावसाळ्यात ताप भरला होता. छातीत कफ झाला. दवाखान्यात न्यायला वाट नव्हती. त्यांनी जमेल तेवढं केलं. डोंगराच्या पायथ्याशी एका ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला. मामाच्या मुलानंच दिला.

बायकोनं त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला. मी त्याला विचारलं, दादा तुमच्यात कसा राहायचा? आम्हाला त्याचं काहीच माहीत नाही.

"कमी बोलायचा," तो म्हणाला. "पन घाट आला की पुढं व्हायचा. नवी कोकरं असतात ना, त्यांना चढ चढवत न्हाई. आमी ती घोड्यावरच्या जाळीत टाकतो. तो टाकू द्यायचा न्हाई. म्हणायचा, घोड्याला बी वझं हायच. मंग एकेक कोकरू छातीशी धरून वर न्यायचा, ठेवायचा, परत खाली यायचा. दिवस लागायचा त्याला. आमी वर जाऊन चूल पेटवलेली असायची."

"थकायचा नाही?"

"थकायचा की. शेवटचं कोकरू नेलं की त्याच्याजवळच बसून राह्यचा. विचारलं तर म्हणायचा, माझा दम आता ह्याच्यात बसलाय. आमी जेवायला हाका मारायचो, तरी लवकर येत न्हवता."